फॉरेस्टरचा टायमिंग बेल्ट – कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

आज गाडीची पूजा करताना ठरलं एकदाचं. गाडी म्हणजे बाबांची २००४ ची शेवरोले फॉरेस्टर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाव शेवरोले असलं तरी आतून बाहेरून ही सुबारू आहे, जनरल मोटर्सची तेव्हा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमधे २० टक्के भागीदारी होती म्हणून ही गाडी इकडे शेवरोलेच्या नावाने आली, २००५ ला त्यांनी ती भागीदारी विकली आणि पुढे दोनेक वर्षांत गाडीही बंद झाली. २ लिटर पेट्रोल, ४ सिलिंडर बॉक्सर, म्हणजे पिस्टन उभे नाहीत, आडवे, दोन डावीकडे दोन उजवीकडे. पाच गिअर, चारही चाकांना ताकद.

२०१९ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं होतं, ते डिसेंबरात संपतंय. पुन्हा पासिंग करायचं तर आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे (कॅम) एका तालात ठेवणारा दातांचा रबरी पट्टा, तो बदलायचा असं मी म्हणलं, कारण शेवटचा २०१३ मधे ७८ हजारला बदललेला आणि आता मीटर १,३८,२०० वर आहे. किलोमीटर अजून बसतील हो, पण रबराला अकरा वर्षं झाली त्याचं काय. हा बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटू शकतात आणि ह्या इंजिनाची हेडं (व्हॉल्व्ह असतात ते भाग) दोन. दोन्ही खोलायची वेळ आली तर बाबा गाडी विकतील हे मला नक्की माहितीये, आणि ती विकलेली मला चालणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नाना पेठेत चार दुकानं फिरले, फॉरेस्टर म्हणल्यावर दोघांनी विचारलं फोर्डची का. शेवटी मामेभाऊ शारजाला असतो त्याला सांगितलेलं तेच उपयोगाला आलं, तो दिवाळीला येतोच आहे पण एक मित्र आधी येणार होता त्याच्याबरोबर किट पाठवला. आयसिन कंपनीचा आहे, त्यात बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताठ ठेवणारा), तिन्ही आयडलर (बेल्टला वळण देणाऱ्या मोकळ्या पुल्या) आणि वॉटर पंप. एवढं सगळं एकदम घ्यायचं कारण असं की ह्या इंजिनात वॉटर पंप पण टायमिंग बेल्टच्याच पाठीवर फिरतो, म्हणजे पंपाचं बेअरिंग जाम झालं तरी बेल्ट जाणार, नुसता बेल्ट नवीन टाकून जुन्या बेअरिंगवर चालवणं म्हणजे मधेच सोडलेलं काम.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सोसायटीतले काका मदतीला आले, ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. सुबारू त्यांनी पण कधी खोलली नाहीये पण इंजिन म्हणजे इंजिन असं त्यांचं म्हणणं.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, कूलंट काढलं, रेडिएटरचे दोन्ही फॅन वर उचलून घेतले. रेडिएटर ठेवला जागेवर, पुढे पुठ्ठा लावला म्हणजे पाना सटकून जाळीला लागू नये. जागा चांगली आहे खरं, इंजिन लांबीला लहान असल्यामुळे समोर बसून सगळं हाताला येतं. मग पुढचे दोन फॅनबेल्ट.

क्रँक पुलीचा बोल्ट २२ चा. बाबा आत बसले, पाचवा गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबून धरला आणि मी लांब दांडा आणि त्यावर अजून पाइप घालून जोर लावला. दुसऱ्या झटक्यात सुटला. काही लोक दांडा चासीला अडकवून स्टार्टर मारतात, काका म्हणाले पोरी ते आपण करायचं नाही, दांडा कुठे उडेल सांगता येत नाही. मॅन्युअल गिअर आहे तर गरजच नाही त्याची.

कव्हरचे बोल्ट सगळे १० चे, दोन बोल्ट मुळात नव्हतेच. कोणी काढले आणि परत लावले नाहीत माहीत नाही, २०१३ ला ज्या गॅरेजमधे काम झालं त्यानंतर कव्हर कोणी उघडल्याचं आठवत नाही आम्हाला.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजचा अख्खा दिवस फक्त खुणांवर गेला आणि तो जायलाच हवा होता.

क्रँकच्या आतल्या पुलीवर, जिच्यावर टायमिंग बेल्ट बसतो, समोरच्या तोंडावर एक बाण आहे, ठळक, लांबून दिसणारा. आम्ही साहजिकच तो बाण वर आणला. मग दोन्ही कॅमच्या पुल्यांवर बघितलं तर त्यांच्या रेघा वर यायला पाहिजेत त्या कुठेतरी बाजूला, साधारण ४५ अंश लांब. काका म्हणाले अगं हा बेल्ट चुकीचा बसवलाय, गाडी इतकी वर्षं चालली कशी. मला पण क्षणभर तेच वाटलं आणि पोटात गोळा आला. पण ४५ अंश चुकलेली गाडी चालूच होणार नाही, आणि आपली तर मागे ताम्हिणी चढून आली. म्हणजे चुकतंय ते आपलं.

तर तो बाण टायमिंगची खूण नाहीच. बाण वर म्हणजे एक नंबरचा पिस्टन पूर्ण वर (आडव्या इंजिनात म्हणजे पूर्ण बाहेरच्या टोकाला), एवढंच. बेल्ट बसवायची खूण वेगळी आहे, क्रँक पुलीच्या मागच्या बाजूला जी कड आहे त्यावर सेन्सरसाठी दात आहेत, त्यातल्या एका दाताच्या मागच्या अंगाला बारीक रेघ कोरलीये. ती वर आली की क्रँक सेन्सरच्या बरोबर खाली ऑइल पंपावर जी खाच आहे तिच्यासमोर यायला हवी. अकरा वर्षांची धूळ आणि तेल तिथे बसलेलं, टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने घासल्यावर दिसली. बाणापासून ती पाव फेरा लांब, ९० अंश. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून क्रँक ९० ने चुकला की कॅम ४५ ने चुकलेला दिसतो. हिशोब बरोब्बर जुळला तेव्हा काकांनी स्वतःहून टाळी दिली.

ही रेघ वर असताना चारही पिस्टन अर्ध्यात असतात, ना वर ना खाली. म्हणजे बेल्ट काढल्यावर एखादा कॅम स्वतःहून फिरला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. ज्याने ही खूण तिथे ठेवली त्याने बेल्ट बदलणाऱ्या माणसाचा विचार केला होता, मला ते फार आवडलं. आणि बाणावर लावून बेल्ट काढला असता तर पिस्टन वर असताना कॅम फिरला असता. ते आज वाचलं.

रेघ वर आणल्यावर डाव्या आणि उजव्या दोन्ही कॅमच्या रेघा मागच्या प्लॅस्टिक कव्हरच्या खाचांसमोर आल्या. तिन्ही ठिकाणी पांढरं नेलपॉलिश लावलं, पुलीवर पण आणि खाचेवर पण. खडूने लावू नका, हाताच्या तेलाने जातो.

एक वाईट गोष्ट सापडली. क्रँक पुलीच्या समोर बेल्ट गाइड म्हणून एक छोटी पत्र्याची पट्टी असते, फक्त मॅन्युअल गिअरच्या गाड्यांना, दोन बोल्टची. आमच्या गाडीत दोन्ही भोकं रिकामी. ही पट्टी कशासाठी तर गिअरमधे लावलेली गाडी उतारावर मागे ढकलली गेली तर इंजिन उलटं फिरतं, तेव्हा बेल्टची सैल बाजू बदलते आणि क्रँकवरून दात उडी मारू शकतो, तो मारू नये म्हणून. आणि बाबा गेली अकरा वर्षं आमच्या बिल्डिंगच्या उतारावर गाडी पहिल्या गिअरमधे लावतात. त्यांना सांगितलं तर काहीच बोलले नाहीत, नुसतं त्या दोन भोकांवरून बोट फिरवलं. मला त्या दिवशी त्या गॅरेजचा इतका राग आला की काम थांबवलं. दोन बोल्टची पट्टी. काढली होती तर परत लावायला दोन मिनिटं लागतात.

भावाला मेसेज केला, शारजाला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे तिथे बघ म्हणून.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. आज जुना बेल्ट काढला. तिन्ही खुणा परत एकदा बघितल्या, फोटो काढले, मग टेन्शनरचा बोल्ट सोडला. बेल्ट सैल झाला आणि डावा कॅम टक्कन फिरला. त्या बाजूला ह्या स्थितीत कॅमच्या लोबवर (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यावर) व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब असतो, तो सुटायची वाटच बघत असतो. माहीत होतं तरी दचकले. उजवा जागेवर शांत.

जुन्या बेल्टला चिरा नव्हत्या, पण पाठ चकचकीत झालेली आणि दात बोटांनी वाकवले की जरा कडक. आयडलरपैकी एक फिरवल्यावर खरखर आवाज, बाकीच्या दोन कोरड्या भणभणत फिरतात, ग्रीस संपलेलं. बेल्टकडे बघून अजून वीस हजार किलोमीटर गेला असता असं कोणी म्हणालं असतं, पण ती खरखरणारी आयडलर तेवढी टिकली नसती.

कॅमची आणि क्रँकची सीलं कोरडी आहेत, हात लावला नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

वॉटर पंप बदलला. जुनं गॅस्केट घासायला दोन तास. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, लोखंडी खरवडणी वापरली नाही, प्लॅस्टिकची पट्टी आणि धीर. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज बेल्ट घालायचा दिवस. आधी नव्या तिन्ही आयडलर बसवायच्या होत्या, त्यातल्या दोन बसवल्या, ३९ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच, थ्रेड अॅल्युमिनियममधे आहेत आणि काकांची हाताची अटकळ एसटीच्या बोल्टांची आहे हे त्यांनी स्वतःच सांगितलं. खालची एक मुद्दाम शेवटी ठेवली, ती नसली की बेल्टला घालायला सैल जागा मिळते.

डावा कॅम परत खुणेवर आणायचा होता. कॅमच्या मधल्या बोल्टवर पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळूहळू आणला, उलटं फिरवलं नाही, बोल्ट सैल होऊ शकतो. क्रँक त्याच अर्ध्या स्थितीत आहे हे आधी बघितलं.

आता दात मोजणे. नव्या बेल्टवर रेघा छापलेल्या असतात, दोन कॅमसाठी सलग आणि क्रँकसाठी तुटक. पण फक्त त्यावर विसंबायचं नाही असं ठरवलेलं, मोजून घ्यायचं. क्रँकच्या खुणेपासून एका कॅमच्या खुणेपर्यंत ४४ दात आणि दुसऱ्या कॅमपर्यंत साडेचाळीस. अर्धा कारण एका ठिकाणी रेघ दातावर येते आणि दुसऱ्या ठिकाणी दोन दातांच्या मधे.

आणि इथे आम्ही परत अडकलो, कुठला कॅम ४४ आणि कुठला साडेचाळीस. ह्या इंजिनाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं, त्यात लिहिलेलं असतं ड्रायव्हर साइडला साडेचाळीस. काकांनी लगेच ड्रायव्हर साइडचा कॅम दाखवला. पण त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, आपला उजवीकडे! त्यांची ड्रायव्हर साइड म्हणजे आपली क्लीनर साइड. त्यात आपण इंजिनासमोर तोंड करून बसलेलो, म्हणजे गाडीची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला. तीन वेगवेगळे डावे-उजवे एकाच वेळी डोक्यात. जर तसंच मोजलं असतं तर प्रत्येक कॅम साडेतीन दात चुकला असता.

शेवटी मी गाडीत सीटवर जाऊन बसले, समोर बघितलं, डावा हात वर केला आणि बाबांना म्हणलं ह्या बाजूच्या कॅमवर डा लिहा. त्यांनी नेलपॉलिशने डा लिहिलं, दुसरीकडे उ. डा म्हणजे साडेचाळीस, उ म्हणजे ४४. त्यानंतर ड्रायव्हर साइड हा शब्द आम्ही तिघांनी वापरायचा नाही असं ठरलं.

बाबा आणि मी वेगवेगळं मोजलं, दर दहा दातांना खडूची खूण, दोघांचं जुळलं, छापील रेघांशी पण जुळलं. बेल्टवरचा दिशेचा बाण बघितला. घालताना कपडे वाळत घालायचे चिमटे लावून बेल्ट कॅमवर धरला, शेवटची आयडलर बसवली, टेन्शनर लावला, तो नवीन असल्याने त्याचा दांडा दाबून धरणारी पिन आतच होती, ती ओढली. ओढल्यावर टेन्शनरचा दांडा बाहेर येऊन बेल्ट ताठ झाला, मस्त वाटलं.

मग क्रँकचा बोल्ट तात्पुरता घालून हाताने पूर्ण दोन फेरे, घड्याळाच्या दिशेने. प्लग काढले नव्हते म्हणून कॉम्प्रेशनचा जोर लागत होता, पण तो जोर हळूहळू वाढतो आणि जरा थांबलं की फुस्स करून उतरतो, धातूला धातू लागला तर एकदम ठक्क थांबतं, हातातला फरक कळतो. ठक्क कुठे नाही.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक खाचेसमोर, उजवा कॅम खाचेसमोर, डावा एक दात मागे.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मला आठवलं, मी डाव्या कॅमवरचा चिमटा पिन ओढायच्या आधी काढला होता. त्या कॅमवर स्प्रिंगचा दाब आहेच, बेल्टला ताण नव्हता, तेवढ्यात तो सरकला असणार. बाबा म्हणाले, एकच दात आहे गं, चालेल का? नाही चालणार. गाडी चालू होईल कदाचित, पण एका बाजूच्या दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतील, थरथरत चालेल, इंजिन लाइट लागेल. आणि आपल्याला माहीत असताना तसं बंद करायचं हे तर नाहीच.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लवकर सुरू केलं. टेन्शनर काढला, आता तो परत दाबायला हवा. हा आत तेल असलेला टेन्शनर आहे, व्हाइसमधे उभा धरून अगदी सावकाश दाबायचा, तीन मिनिटं किंवा जास्त, घाई केली की आतलं सील जातं. बाबा घड्याळ घेऊन बसले आणि मी दर थोड्या वेळाने हँडल एवढंसं फिरवायचे. भोकासमोर भोक आलं की बारीक अॅलन की आत घातली.

ह्यावेळी चिमटे शेवटपर्यंत तसेच ठेवले, पिन ओढली, बेल्ट ताठ झाल्यावर मग चिमटे काढले. दोन फेरे. तिन्ही खुणा समोरासमोर. परत दोन फेरे. परत तिन्ही. मान वाकडी करून बघितलं की रेघ थोडी सरकलेली वाटते, डोळा अगदी पुलीच्या समोर आणून बघायला लागतो, म्हणून फोन पुलीच्या सरळ समोर धरून फोटो काढले आणि मोठे करून बघितले.

काकांनी एक बरोबर शंका काढली, बेल्टवरच्या छापील रेघा आता पुलीच्या खुणांवर नाहीत, मग बरोबर कसं? त्या येणारच नाहीत. पुली फिरून जागेवर येते तेव्हा बेल्ट तितकाच फिरून जागेवर येत नाही, बेल्टचे दात वेगळ्या संख्येत असतात, त्यामुळे बेल्टवरच्या रेघा परत जुळायला पुष्कळ फेरे लागतात. त्या फक्त घालतानाच्या कामाच्या. फिरवल्यानंतर बघायचं ते पुली आणि खाच, बास.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी तिघं मत देऊन आलो आणि बोटाची शाई वाळायच्या आत परत गाडीपाशी.

भावाने गाइड पाठवला! जुन्या गाडीचा आहे, थोडा गंज होता तो घासून काढला. बेल्ट बसलेला असताना पण लावता येतो. गाइड आणि बेल्ट ह्यात १ मिलिमीटरची फट ठेवायची, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्रीने) ठेवली, बोल्ट कसले, परत फीलर फिरवून बघितली. बाबांनी स्वतः कसले दोन्ही बोल्ट.

कव्हर लावली, नव्हते ते दोन बोल्ट नाना पेठेतून आणलेले, ते पण. क्रँकचा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला, तुमची गाडी असेल तर तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या, ह्या इंजिनात तो वर्षाप्रमाणे बदललाय आणि हा बोल्ट कमी कसला गेला तर पुली हलून हलून चावीची (पुलीला क्रँकवर अडकवणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याची) खाच मोठी करते, मग क्रँकच खराब.

२४ नोव्हेंबर, रविवार

कूलंट भरलं. बॉक्सरमधे हवा अडकून राहते, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा व्हेंट स्क्रू उघडा ठेवून सावकाश ओतलं, होज दाबत राहिले, बुडबुडे थांबल्यावर बंद.

अकरा वाजता बाबांनी चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला लागली. मी समोर उभी होते, कान कव्हरपाशी. बॉक्सरचा तो जो एक घुमणारा आवाज असतो तोच, खाली काही खरखर नाही, काही घासत नाही. आयडलरचा जो बारीक सूं आवाज गेली दोनेक वर्षं यायचा आणि जो आम्हाला गाडीचाच आवाज वाटायचा, तो गेलाय. पंधरा मिनिटं चालू ठेवली, फॅन लागला, बंद झाला, हीटरला गरम हवा, तापमान मधोमध. इंजिन लाइट नाही.

कव्हरवर स्टिकर लावला, मराठीत, बेल्ट पंप आयडलर टेन्शनर नवीन, गाइड आहे, २४-११-२०२४, १,३८,२१२.

१ डिसेंबर, रविवार

ताम्हिणीने माणगावपर्यंत जाऊन आलो, काका पण होते मागे. तिसऱ्या गिअरमधे चढाला पूर्वी जरा मागेपुढे करायची ती आता सरळ ओढते, हे बेल्टमुळे का नव्या कूलंटमुळे का आमच्या मनामुळे माहीत नाही पण काकांनी पण न विचारता तेच सांगितलं. आल्यावर कव्हर काढून गाइडची फट बघितली, १ मिलिमीटरच. पंपाखाली कोरडं. शुक्रवारी पासिंगला न्यायची.

बाबांनी गाडी उतारावर लावली. मी म्हणलं आता गाइड आहे, टाका गिअरमधे. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आणि तरी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला.